पाठमोरं चित्र

पळसाची पानं मोजायचं काम नीरजाकडे आलं होतं आणि दोनशे चाळीसच्या आसपास तिचा आकडा दुसऱ्यांदा चुकला. पानं तीनशे साठ हवीत, एक कमी नाही की जास्त नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं. इथे भाट्याच्या बाजूला पळस कुठे मिळतो? धोंडू गड्याने ती पार संगमेश्वराच्या वरच्या अंगाने पोतं भरून आणली होती. उद्या सकाळी त्या पानांचा माणूस करायचा, त्याला नारळाचं डोकं लावायचं, धोतर नेसवायचं आणि श्रीपती म्हणून अग्नी द्यायचा. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याच्यासाठी शास्त्राने ही सोय करून ठेवली आहे. मागे राहिलेल्या बायकोची सोय काय, ते मात्र शास्त्र सांगत नाही. ती बायको, म्हणजे उल्का, पडवीच्या दुसऱ्या टोकाला लेकीजवळ बसून पेन्सिलींना टोकं काढत होती.

मनस्विनी पाटावर कागद ताणून पालथी पडली होती. मुंबईच्या कला महाविद्यालयाने अर्जासोबत एक कल्पनाचित्र मागितलं होतं, विषय 'घरी येणारा'. परवा शेवटची तारीख, आणि चित्र उमेदवाराने स्वतः नेऊन द्यायचं, तिथेच मुलाखतही व्हायची. शाळेतले चित्रकलेचे भागोजीसर उद्या सकाळी आठच्या गाडीने दोन मुलांना घेऊन निघणार होते. मनू तिसरी. एवढ्या वर्षांत या घरातून मुंबईला आंबे गेले, पुरुष गेले. चित्र कधी गेलं नव्हतं.

चित्रात चिऱ्याची पाखाडी होती. हीच, घरासमोरची, खालच्या रस्त्यापासून अंगणापर्यंत चढत येणारी. पायऱ्या चढून एक माणूस वर चालला होता, खांद्याला पिशवी, आपल्याकडे पाठ. वर घर, उघडं दार आणि दारात एक बाई.

"माणूस काढायचा तर तोंड तरी काढावं," नीरजा पानांवरून म्हणाली. "पाठ कसली बघायची?"

"काकू, बाबांचं तोंड मला आठवत नाही," मनू म्हणाली. "फोटोतलं आठवतं. ते आठवणं नव्हे."

नीरजाचा आकडा तिसऱ्यांदा चुकला.

श्रीपती गेला तेव्हा मनू पाच वर्षांची होती. पोफळीला वीज प्रकल्पाच्या ऑफिसात तो कारकून होता. शनिवारी रात्री घरी यायचा, सोमवारी पहाटे निघायचा. एकोणनव्वद सालच्या मे महिन्यातल्या एका सोमवारी तो असाच निघाला आणि पोफळीला पोचलाच नाही. जेवणाचा डबा कट्ट्यावर राहिलेला उल्काला दिसला होता. तो अजून पाखाडी उतरत होता, हाकेच्या अंतरावर. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, एवढं शिकवूनच आईने तिला या घरात पाठवली होती. विसरला तर विसरला, खाईल तिथे काहीतरी, असं म्हणून तिने डबा उचलून आत नेला.

तो डबा तिने पुढे कुणालाच वापरू दिला नाही. त्यावरून नीरजाशी झालेली भांडणं या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

"आई, खांदा बघ आता," मनू म्हणाली. "एवढा उतरता पुरे?"

उल्काने मान वाकडी करून पाहिलं. पाठमोऱ्या माणसाचा डावा खांदा किंचित खाली आला होता. "आणखी थोडा," ती म्हणाली.

तेवढ्यात यज्ञेश परसातून आला. श्रीपतीचा हा धाकटा भाऊ, नीरजाचा नवरा. उद्याचा अग्नी यानेच द्यायचा होता. हातात सोललेला नारळ होता. मनू जन्मली त्या वर्षी श्रीपतीने नारळ संशोधन केंद्रातून एक रोप आणून परसात लावलं होतं, त्याच माडाचा. तो नारळ कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. शेवटी खुर्चीवर ठेवला, मग खुर्चीवर बरा दिसत नाही म्हणून परत हातात घेतला. आणि मग त्याची नजर चित्रावर गेली.

पुतणीच्या चित्रांचं त्याला कधी फारसं कौतुक नव्हतं. आज मात्र तो उभाच राहिला.

"दादा गो!" तो हळूच म्हणाला. "चाल अगदी तीच. पण खांदा उलटा काढलास."

"उलटा कसा?" मनूने वर पाहिलं. "आई म्हणाली डावा."

"दादाचा उजवा. मला नको सांगू. अगो, लहानपणी विहिरीवरून पाणी आणायचो आम्ही. आडव्या बांबूला मधोमध घागर, पुढे दादा, मागे मी. चार वर्षं मी ती पाठच बघत चाललोय. बांबू त्याच्या उजव्या खांद्यावर असायचा. तो खांदा पुढे कधी वर आलाच नाही."

"फोटोतही डावाच आहे, काका."

फोटो माजघराच्या दारावर होता. श्रीपती गेल्यावर वर्तमानपत्रात द्यायला म्हणून निगेटिव्हवरून मोठा करून आणलेला. मूळचा छोटा फोटो पोलिसांकडे दिला, तो परत आला नाही. मनूने स्टूल घेऊन फोटो उतरवला, ओढणीने पुसला आणि उजेडात धरला. बराच वेळ ती त्याच्याकडे चित्र काढणाऱ्याच्या नजरेने बघत राहिली.

"काका, शर्टाला खिसा कुठे असतो?"

यज्ञेशने नारळ काखेत धरून आपल्या छातीवर हात ठेवला. डावीकडे.

फोटोतल्या श्रीपतीचा खिसा उजवीकडे होता. बटणंही उलट्या बाजूने लावलेली.

"स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी लावलीन वाटतं!" यज्ञेश हसला. "मेल्याने बारा वर्षं उलटा दादा टांगून ठेवला आमच्या भिंतीवर, आणि एकालाही..." नारळ छातीशी धरून तो तसाच अंगणात गेला.

टोक काढता काढता उल्काने पेन्सिल मुळापर्यंत तासत आणली होती.

लग्नाची सहा वर्षं. त्यातला नवरा आठवड्याला दीड दिवस, तोही चारचौघांत. नवऱ्याच्या खांद्यांकडे निरखून बघायची त्या वेळी कुणाची प्राज्ञा होती! आणि तो गेल्यावर समोर राहिला तो फोटो. रोज उदबत्ती लावायची नाही, कारण तो गेला असं मानायचं नाही; पण रोज बघायचं. खरा श्रीपती हळूहळू पुसला आणि त्या जागी फोटोतला येऊन बसला, हे तिला कळलंसुद्धा नाही.

"आई," मनूने पेन्सिल खाली ठेवली. "वाडीचा माणूस."

उल्काने मान हलवली. नको, बोलू नको, अशी.

एक्क्याण्णव साली राजापूरच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं, नरसोबाच्या वाडीला श्रीपतीसारखा एकजण पाहिला म्हणून. उल्का यज्ञेशला घेऊन गेली. यज्ञेश धर्मशाळा पालथ्या घालत होता आणि ती नदीच्या पायऱ्यांवर उभी होती. तेव्हा तिला खाली एक पाठ दिसली. ओला पंचा पिळणारी. तीच मान, तेच किंचित पोक. ती सात-आठ पायऱ्या धावत उतरली. हाक ओठांवर आली होती. पण हाक मारायची काय? नवऱ्याचं नाव तिने उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं, आणि 'अहो' म्हटलं तर सगळा घाट वळून बघेल. म्हणून तिने आधी खूण पाहिली. त्या माणसाचा उजवा खांदा उतरता होता. आपला तो डावा. चुकलं आपलं, परका पुरुष, असं म्हणून ती लाजून मागे फिरली. घरी येऊन सगळ्यांना एवढंच सांगितलं, तो नव्हता. खांद्याची गोष्ट फक्त मनूला ठाऊक होती, तीही गेल्या महिन्यात, या चित्राच्या नादाने विचारून विचारून काढून घेतलेली.

"ते बाबा होते," मनू म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला. "आई, ते बाबाच असणार. काकांना सांगते मी. उद्याचं थांबवायचं. आपण वाडीला जाऊ."

ती उठली तशी उल्काने तिचं मनगट धरलं.

"बस."

"अगं जिवंत माणूस जाळणार का तुम्ही?"

"हळू बोल. काकू ऐकते आहे." नीरजा खरंच ऐकत होती, पण पानांवरची मान तिने वर केली नाही. उल्काने लेकीला ओढून जवळ बसवलं. "दहा वर्षं झाली त्याला, मनू. आज वाडीला जाऊन काय विचारायचं? दहा वर्षांमागे पंचा पिळत होता तो कुठे गेला?"

"तरी विचारायचं!"

"आणि तू? परवाची तारीख?"

"जाऊ दे ती तारीख. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी' हे शब्द उल्काच्या ओळखीचे होते. बारा वर्षं ती हेच म्हणत आली होती. गणपतीत नाही आला, शिमग्याला येईल. यंदा नाही, पुढच्या वर्षी. आता हे वाक्य तिच्या लेकीच्या तोंडात आलं होतं.

"ऐक माझं," ती म्हणाली. "मी नदीच्या पायऱ्यांवर उभी होते. मोतिया रंगाचं लुगडं, त्यानेच आणलेलं. मी मागे फिरले तेव्हा तो माणूस वळत होता, त्याचं तोंड बघायला मी थांबले नाही. पायऱ्या चढताना मी दिसले नसेन का त्याला? तो तोच असेल तर त्याचीही नजर होती, त्यालाही तोंड होतं. माझं नाव घ्यायला त्याला कुणी बंदी केली नव्हती."

मनू रडायला लागली. उल्का नाही रडली. तिने तासलेल्या पेन्सिलीचा भुसा पदरात गोळा केला, अंगणात झटकून आली आणि परत बसली.

"खांदा नीट कर," ती म्हणाली.

"मला नाही जमणार."

"बारा वर्षं मी उलट्या माणसाची वाट बघितली. एका कागदावर तरी तो सुलटा येऊ दे."

मनूने खोडरबर घेतला. डाव्या खांद्याची रेघ दाबून काढली होती, ती पुरती जाईना. कागदावर करडी सावली राहिली. मग तिने उजवा खांदा उतरवला, हळूहळू, एकेक रेघ टाकून, आणि पिशवी त्या खांद्यावर घेतली. उल्का वाकून बघत होती. पाचव्या की सहाव्या रेघेला तिच्या तोंडून "हां" एवढंच आलं. तिने तोंडावर पदर दाबला.

दिवे लागायच्या सुमाराला तिने आणखी एक सांगितलं.

"दारातली बाई पूस."

"ती तू आहेस, आई."

"म्हणून तर सांगते. फार वर्षं उभी आहे ती. बसू दे तिला आत. दार तेवढं उघडं ठेव."

मनूने बाईही पुसली.

रात्रीच्या जेवणाला यज्ञेशने विषय काढलाच. "मनू सकाळी जाते म्हणे? बापाला अग्नी द्यायच्या दिवशी? वहिनी, लोक काय म्हणतील?"

"विधी झाला की सुतक लागेल भाऊजी. मग तिला दहा दिवस कुठे जाता यायचं नाही. गुरुजी म्हणाले, त्याआधी उंबरा ओलांडला तर त्यांची हरकत नाही."

"गुरुजींची नसेल, माझी आहे. दादाची एकुलती एक मुलगी. चित्रापायी..."

"चित्र कुणाचं आहे ते पाहिलंत ना?" हे नीरजा बोलली. घरातल्या सगळ्यांनीच मान वर केली, कारण एवढ्या वर्षांत नीरजाने मोठ्या जावेची बाजू घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तिने नवऱ्याच्या पानात भात वाढला आणि वाढताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "पानांचा दादा तुम्ही करा. कागदावरचा तिने केलाय. तो तिला पोचवू दे. आणि दुपारी मी पानं मोजत होते, बहिरी नव्हते. यापुढे या विषयावर वहिनींना कुणी काही विचारायचं नाही."

यज्ञेशने भात कालवला. त्याला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की स्वयंपाकघर एक झालं आहे. तिथे पुरुषाचं काही चालत नसतं.

सकाळी सातला मनू निघाली. चित्र जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या नळीत घातलं होतं, वरून प्लॅस्टिक, सुतळी. नीरजाने दशम्या दिल्या, देवाला नमस्कार झाला. उल्काने तिच्या हातावर दही घातलं. मनूने आईला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "मी नसताना बाबांचं नको ना करू."

"तू नसतानाच करवेल मला," उल्का म्हणाली. "जा. सर थांबले असतील."

मनू पाखाडी उतरू लागली. गेली पाच वर्षं चित्रकलेचा बोर्ड ती शाळेत एकाच खांद्याला अडकवून न्यायची; आता तिथे पिशवी होती. उजवा खांदा खाली गेला होता. उल्काने ते पाहिलं आणि ती अंगणाच्या कडेला आली.

निघालेल्याला मागून हाक मारू नये. एवढं तिला ठाऊक होतं.

"मनू!" ती ओरडली.

नीरजा दचकली. यज्ञेश आतून धावत आला. खाली दहाव्या पायरीवर मनू थांबली, वळली आणि तिचा सगळा चेहरा वर झाला.

"काय गो आई? काही राहिलं?"

"नाही," उल्का म्हणाली. "नुसतीच मारली हाक. जा आता."

मनू हसली, डोळे पुसले, हात हलवला आणि गेली.

नऊ वाजता गुरुजींनी पानांचा माणूस दर्भावर निजवला. धोतर श्रीपतीचं होतं, नारळ त्याच्या माडाचा. या घराची एक रीत होती. यज्ञेशच्या आजोबांचे भाऊ तारवावर चढून समुद्रात गेले ते आले नाहीत, तेव्हापासूनची. अग्नी देण्याआधी पाखाडीच्या तोंडाशी उभं राहून गेलेल्याला तीन हाका मारायच्या. ओ आली तर सगळं तिथेच मोडायचं. हाका कर्त्या पुरुषाने मारायच्या. यज्ञेश उपरणं सावरून पुढे झाला.

"मी मारते," उल्का म्हणाली.

गुरुजींनी यज्ञेशकडे पाहिलं. यज्ञेशने नीरजाकडे पाहिलं आणि तो बाजूला सरला.

उल्का पायऱ्यांच्या तोंडाशी उभी राहिली. कुंकू लावलेलं, मंगळसूत्र गळ्यात, हे शेवटचं. सकाळच्या उन्हात पाखाडी तळापर्यंत स्वच्छ दिसत होती.

"अहो," तिने हाक मारली.

"नावानिशी हवी वहिनी," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले. "अहो कुणालाही लागू पडतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार!

एकदा तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"श्रीपती!"

खालच्या वाडीतला कुत्रा भुंकला. धोंडूने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"श्रीपती!"

ही हाक पहिलीपेक्षा मोठी होती. नदीचा घाट ओलांडून जाईल एवढी. नीरजा तोंडात पदर कोंबून रडत होती.

तिसऱ्या हाकेआधी उल्का बराच वेळ थांबली. गुरुजींनी घाई केली नाही. आणि मग तिने हाक मारली ती ओरडून नव्हे. माणूस अंगणापर्यंत आला आहे आणि पायरीवर घुटमळतो आहे, अशा बेताची.

"श्रीपती."

सगळे ऐकत राहिले. पायऱ्यांवर ऊन होतं. कुणी वळलं नाही, कुणी ओ दिली नाही.

उल्काने यज्ञेशकडे तोंड केलं.

"मारली बरं का मी," ती म्हणाली. "या वेळी मारली. आता द्या अग्नी."